टाइल बसायच्या आधी

ताबा मिळतो, वास्तुशांत होते, हळूहळू वरचे मजले भरतात. वरच्या बाथरूममध्ये रोज पाणी पडायला लागलं की काही महिन्यांनी खालच्या घरातल्या पॅसेजच्या छताला एक पिवळसर गोल उमटतो. तो वाढतो, कडेला पांढरा क्षार धरतो, पीओपी फुगतं आणि एके दिवशी त्याचा पोपडा चपलांच्या कपाटावर येऊन पडतो. बिल्डरकडे तक्रार जाते. बिल्डरचा माणूस येतो, वरच्या घरात दोन दिवस खडखडाट चालतो, नव्या टाइल बसतात, खाली पांढऱ्या रंगाचा हात फिरतो आणि ‘काम समाधानकारक झालं’ अशा मजकुराचा कागद सहीसाठी पुढे येतो.

त्या कागदावर सही करण्याआधी विचारण्यासारखा प्रश्न एकच: दुरुस्ती झाली हे दिसतंय, पण ती नियमाप्रमाणे झाली का? पिंपरी-चिंचवड, पुणे, ठाणे इथल्या नव्या सोसायट्यांमध्ये हा प्रश्न विचारत फिरलं, तर बहुतेक जण उलट आपल्यालाच विचारतात, “प्लंबिंगला कसला आलाय नियम?”

नियम आहे, आणि चांगला जाडजूड आहे. भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा 1970 साली आली. 2016 ची आवृत्ती आली तेव्हा तिचा नववा भाग मुख्यतः प्लंबिंगला वाहिलेला होता. माणशी रोज 135 लिटर पाणी धरावं, त्यातलं 45 लिटर फ्लशसाठी, इथपासून ते सांडपाण्याच्या नळाला धूर सोडून कसं तपासावं इथपर्यंत सगळं त्या परंपरेत लिहिलेलं आहे. संहिता स्वतः शिफारशीच्या रूपात असते. तिला जोर येतो तो राज्याच्या नियमावलीतून. मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर 2020 मध्ये आली, आणि पाणीपुरवठा व सांडपाण्याची कामं याच नवव्या भागाप्रमाणे व्हावीत असं ती सांगते. मुंबईची नियमावली वेगळी.

नियम असले तरी ते पाळले की नाही हे बघायला येतं कोण? इमारत पूर्ण होताना परवानाधारक प्लंबरचा दाखला लागतो, पाणी आणि ड्रेनेज विभागाची कागदपत्रं लागतात, मग भोगवटा प्रमाणपत्र मिळतं. शेकडो घरांच्या प्रकल्पात प्रत्येक बाथरूमच्या टाइलखाली कुणी डोकावलं असेल असं समजणं भाबडेपणाचं आहे, पण निदान कागदावर एक सही तरी असते. दुरुस्तीच्या वेळी तीही नसते. मुंबईचं उदाहरण घ्या: मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 च्या कलम 342 मध्ये किरकोळ दुरुस्त्यांची जी यादी आहे, तिच्यात संडास-मोरीची दुरुस्ती, सांडपाण्याचे नळ आणि तोट्या बदलणं, फरशी बदलणं हे सगळं येतं. या कामांना आधी परवानगी लागत नाही. नागरिकाच्या सोयीची ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. तोटी बदलायला वॉर्ड ऑफिसला खेटे घालायला लावलं असतं तर लोकांनी नळ दोऱ्यानं बांधून दिवस काढले असते. पण परवानगी नाही म्हणजे तपासणीही नाही. टाइल उघडली, काहीतरी केलं, टाइल बसवली. मधे काय झालं त्याचा साक्षीदार फक्त मिस्त्री.

न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना नव्या घराच्या बाबतीत वेगळा अनुभव येतो. तिथं भिंत बंद करण्याआधी प्लंबिंगचा सरकारी निरीक्षक येऊन उघडे पाइप बघतो, त्याची मंजुरी मिळाल्याशिवाय भिंतीवर बोर्ड चढत नाही. किरकोळ दुरुस्तीला तिथंही परवाना लागत नाही, पण नव्या कामात ‘झाकण्याआधी बघणं’ ही पायरी कायद्यात आहे. आपल्याकडे ती पायरी घरमालकानं स्वतः चढायची असते, आणि ती चढता येते. बघायचं काय, ते मात्र ठाऊक हवं.

रावेतकडच्या एका इमारतीत असं एक उघडलेलं बाथरूम बघायला मिळालं. सातव्या मजल्यावर वर्षभर वापरलेलं बाथरूम, खाली सहाव्यावर डाग. टाइल काढल्या होत्या, त्याखालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा फोडला होता आणि सुमारे फूटभर खोल खड्डा, म्हणजे संकन स्लॅब, उघडा पडला होता. तळाशी काळसर ओल. काम करणारा मिस्त्री ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला. हा योगायोग नाही; देशभरातल्या प्लंबरांत केंद्रापाड्याची माणसं इतकी आहेत, की तिथल्या पट्टामुंडईला ओडिशा सरकारनं प्लंबिंगची स्वतंत्र संस्थाच काढली. मिस्त्रीची बरीच वर्षं चाकण-मोशी पट्ट्यात गेल्यानं मराठी-हिंदीची सरमिसळ झालेली. घरातल्या काकूंनी विचारलं, “दादा, नेमकं फुटलंय कुठं?” तो म्हणाला, “काकू, फुटलं नाही. पाइपच चुकीचा टाकलाय.”

त्यानं बोट ठेवलं ते पाइपवरच्या छपाईवर. सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपचं भारतीय मानक आहे आयएस 13592. त्यात दोन प्रकार आहेत: टाइप ए हा पावसाचं पाणी आणि हवा खेळवण्यासाठी, टाइप बी हा संडास आणि मोरीच्या पाण्यासाठी. 110 मिलिमीटरच्या पाइपमध्ये टाइप एच्या भिंतीची जाडी किमान 2.2 मिलिमीटर, टाइप बीची 3.2. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, फरक हाताला लागतो आणि दरात पडतो. इथं मोरीच्या लाइनला टाइप ए टाकलेला होता. त्याच्यावर कोबा ओतताना तो दबला आणि जोड सैल झाला. ही छपाई पाइपच्या अंगावर ठरावीक अंतरानं असतेच. कंपनी, व्यास, टाइप, मानकाचा क्रमांक. मोबाइलनं तिचा फोटो काढून ठेवायला अर्धं मिनिट लागतं. नियम पाळला की नाही याचा याहून स्वस्त पुरावा मला तरी माहीत नाही.

दुसरी गोष्ट ढाळाची. चार इंची पाइपला चाळिसास एक, हा जुना ठोकताळा. पन्नासास एकपर्यंत चालतं. मीटरभर लांबीत दोन ते अडीच सेंटीमीटर उतार. स्पिरिट लेव्हलची पट्टी पाइपवर ठेवून एका टोकाखाली मोजमापाचा टेप धरला की कळतं. त्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपपासून डक्टपर्यंतचा, म्हणजे उभे नळ जातात त्या पोकळीपर्यंतचा, पाइप मधे पोट काढून बसला होता. तिथं साबणाचा चिकट थर साचून घट्ट झालेला. पाणी वाहत होतं, पण रेंगाळत, आणि रेंगाळणाऱ्या पाण्याला सैल जोड सापडतोच.

जोडाचाही एक बारकावा आहे. रबर रिंगच्या जोडात पाइप शेवटपर्यंत ठोकून बसवत नाहीत. आत टेकवून खूण करतात आणि साधारण 10 मिलिमीटर मागे ओढतात. गरम पाण्यानं पाइप वाढतो, त्याला जागा लागते. घाईत हे कुणी करत नाही. “सुपरवायझर म्हणतो, पटापट ढकल,” मिस्त्री म्हणाला. “ढकलला की रिंग वळते. वळली की कितीही सिलिकॉन मारा.”

पाइप बदलून झाले, ढाळ नीट झाला, की वॉटरप्रूफिंग. त्यानंतर पाणी भरून ठेवायचं, किमान 24 तास. जबाबदार ठेकेदार 48 किंवा 72 तास ठेवतात. ही चाचणी कोबा आणि टाइल बसायच्या आधी एकदा आणि नंतर पुन्हा एकदा करावी. बहुतेक ठिकाणी फक्त नंतर करतात, म्हणजे पुन्हा गळलं तर सगळं परत फोडायचं. मग ते कोण फोडणार यावर वाद. भरलेल्या पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलनं खूण करून ठेवावी. खाली डाग पडला नाही म्हणजे गळलं नाही, असं नसतं; पाणी संकनमध्ये साठून राहू शकतं आणि आठवड्यानं बाहेर येऊ शकतं. म्हणूनच संकनच्या तळातून डक्टमध्ये एक छोटा पाइप काढलेला असतो, स्पाउट. आत पाणी मुरलं तर ते स्पाउटमधून थेंबथेंब गळून आधीच इशारा देतं. त्या इमारतीत बऱ्याच स्पाउटची तोंडं सिमेंटनं बुजवलेली होती. डक्ट ‘स्वच्छ दिसावा’ म्हणून, असं कारण कळलं.

खालून इंजेक्शन मारून गळती थांबवण्याची एक टूम सध्या जोरात आहे. स्लॅबला भोकं पाडून त्यात पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, भरतात, डाग वाळतो, सगळे खूश. पण वरचा पाइप तसाच गळत राहिला, तर पाणी संकनमध्ये साचत राहतं, सळ्यांना गंज चढतो किंवा पाणी शेजारच्या बाजूनं वाट काढतं. मूळ सापडल्यावर पूरक म्हणून हा उपाय ठीक. मूळ न शोधता फक्त हेच करून देणाऱ्याला मी तरी सही देणार नाही.

मिवान शटरिंगच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून उभारलेल्या, इमारतींत चित्र निराळं असतं. तिथं अनेकदा संकन नसतोच. वरच्या बाथरूमचे पाइप स्लॅबमधून खाली येऊन खालच्या घरातल्या बाथरूमच्या छताखाली लटकलेले असतात, खोट्या छतानं झाकलेले. दुरुस्ती तपासायला हे सोपं, कारण फळी सरकवली की सगळं दिसतं. भांडणाला मात्र आमंत्रण: पाइप वरच्यांचा, छत खालच्यांचं. इथं एक गोष्ट आवर्जून बघावी. नवीन भोक पाडलं असेल तर ते बीममधून गेलेलं नाही ना? कोअर कट करणारा यंत्र लावतो आणि निघून जातो. स्लॅबमधली सळी तुटली का, हे विचारायला स्ट्रक्चरल इंजिनीअर हवा.

आता ट्रॅपबद्दल थोडं सविस्तर, कारण दुरुस्तीत सर्वांत जास्त काटकसर इथंच होते आणि तिचे परिणाम गळतीपेक्षा वाईट असतात. नहाणी ट्रॅपमध्ये पाण्याचा एक थर कायम उभा असतो. मानकाप्रमाणे तो किमान 50 मिलिमीटर हवा. ड्रेनेजमधली हवा घरात येऊ न देण्याचं काम तो थर करतो, बाकी कुणी नाही. उंची कमी पडली की मिस्त्री उथळ ट्रॅप बसवतात किंवा ट्रॅप चक्क गाळतात आणि वर जाळी लावून मोकळे होतात. वास आला की लोक फिनेल ओततात.

हाँगकाँगच्या आमॉय गार्डन्स या वसाहतीत 2003 च्या मार्चमध्ये काय झालं ते प्लंबरांच्या प्रशिक्षणात शिकवायला हवं. सार्सचा एक रुग्ण तिथल्या ई ब्लॉकमध्ये नातेवाइकांकडे आला होता, त्याला जुलाब होत होते. अनेक घरांत बाथरूमची जमीन पाणी टाकून धुण्याऐवजी पुसण्याची सवय होती, त्यामुळे जमिनीवरच्या ट्रॅपमधलं पाणी वाळून गेलं होतं. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा लावला की ड्रेनेजच्या नळातली हवा थेंबांसकट घरात खेचली जायची. तपासातून असं चित्र पुढे आलं. वसाहतीत तीनशेहून जास्त माणसांना लागण झाली.

ते वाचल्यावर आपल्या नव्या घरांकडे बघा. कोरडं आणि ओलं असं विभागलेलं बाथरूम. कोरड्या भागातल्या ट्रॅपमध्ये महिनोन्‌महिने पाणी पडत नाही. बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी काढलेला ट्रॅप, मशीन मात्र आत ठेवलेलं. पाहुण्यांच्या खोलीचं बाथरूम बंद. या सगळ्या ट्रॅपमध्ये आठवड्याला तांब्याभर पाणी ओतावं, एवढं साधं आहे. आणि दुरुस्तीनंतर जाळी उचलून आत पट्टी बुडवावी: दोन इंच पाणी लागलं पाहिजे.

ट्रॅपमधलं पाणी वाळतं तसं ते ओढलंही जातं. वरच्या मजल्यावर फ्लश झाला आणि त्याच वेळी तुमच्या मोरीतून गुडगुड आवाज आला, तर समजावं की व्हेंट नीट नाही. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं, दुसरं पाडलं की धार लागते; व्हेंट हे ते दुसरं भोक. ते बंद असलं की खाली पडणारं पाणी हवा शोधतं आणि तुमच्या ट्रॅपमधून ओढून घेतं. व्हेंटचं तोंड गच्चीवर उघडं असावं, लोक वावरतात अशा गच्चीवर पुरेसं उंच न्यावं, असं मानक सांगतं. प्रत्यक्षात गच्चीवर सोलर बसवताना, बाग करताना, ‘दिसायला बरं दिसत नाही’ म्हणून ही तोंडं कापली जातात, कधी त्यांना घट्ट टोपण लागतं. घरातली दुरुस्ती कितीही चांगली केली तरी मग गुडगुड थांबत नाही आणि शिव्या मिस्त्रीला बसतात.

ही सगळी नळसाखळी हवाबंद आहे का, हे तपासायची धुराची चाचणी संहितेत आहे. सगळ्या ट्रॅपमध्ये पाणी भरायचं, तेलकट चिंध्या किंवा डांबरी कागद जाळून यंत्रातून नळात धूर सोडायचा, 25 मिलिमीटर पाण्याइतका हलका दाब 15 मिनिटं ठेवायचा आणि धूर कुठून बाहेर येतो ते बघायचं. घरोघरी कुणी हे करणार नाही. पण ज्या सोसायटीत एकाच डक्टवरच्या पाच-सहा घरांतून वासाची तक्रार आहे, तिनं बिल्डरकडे हीच चाचणी नाव घेऊन मागावी. ‘वास येतो’ या तक्रारीला हसून टाळता येतं. ‘धूरचाचणी करून अहवाल द्या’ याला उत्तर द्यावं लागतं.

पिण्याच्या पाण्याच्या बाजूला आलं की भिंतीतल्या सीपीव्हीसीचा विषय. मानक आयएस 15778. त्याच्या जोडाला सीपीव्हीसीचंच सॉल्व्हंट सिमेंट लागतं. साध्या पीव्हीसीचं लावलं तर थंड पाण्यात निभावतं, गीझर सुरू झाला की जोड सुटतो. दुरुस्तीनंतर झिरी बुजवण्याआधी हातपंपानं दाब देऊन गेज बघायचं. उंचीच्या दर दहा मीटरला साधारण एक किलो दाब. टाकीपासून तीस मीटर खाली असलेल्या नळात तीन किलोच्या आसपास. चाचणी कामाच्या दाबाच्या निदान दीडपट करायचा प्रघात आहे. काटा स्थिर राहिला तर प्लास्टर. सॉल्व्हंट सिमेंट सुकायला डब्यावर दिलेला वेळ मात्र जाऊ द्यायला हवा. सकाळी जोडून दुपारी दाब दिला तर चांगला जोडही उडतो आणि मिस्त्री म्हणतो, चाचणीनंच फुटलं.

नव्या मोठ्या प्रकल्पांत एक धोका असा आहे की तो डोळ्यांना दिसतच नाही. फ्लशसाठी एसटीपीत, म्हणजे इमारतीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत, प्रक्रिया केलेलं पाणी वेगळ्या नळानं येतं. कमोडजवळचा जेट स्प्रे नवा बसवताना किंवा बदलताना मिस्त्री सोयीसाठी फ्लश टाकीच्याच अँगल कॉकवर टी मारतो. म्हणजे जेटमधून सांडपाण्याचं प्रक्रिया केलेलं पाणी. ओळखायचं कसं? डक्टमधला घरगुती पाण्याचा कॉक बंद करा, बेसिनचा नळ कोरडा झाला याची खात्री करा आणि जेट दाबा. पाणी आलं, तर जोड चुकला आहे. दोन्ही लाइनचे पाइप वेगळे आणि ओळखता येतील असे हवेत, त्यांचा आपसात संबंध येता कामा नये, यावर संहिता अजिबात सैल नाही. प्रत्येक बाथरूमच्या दुरुस्तीनंतर ही परीक्षा करावी, खर्च शून्य.

आता कायद्याचं. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, 2016 चा. त्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरी, दर्जा, सेवासुविधा यांतला दोष बिल्डरच्या नजरेस आणला, तर त्यानं तो 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर योग्य भरपाई. पाच वर्षांत नजरेस आणणं महत्त्वाचं, म्हणजे लेखी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘भाऊ बघा ना जरा’ हा निरोप हरवतो, ईमेल आणि पोच टिकते. आणि दुरुस्ती ‘झाली’ म्हणून सही केल्यावर दोष त्याच जागी पुन्हा आला, तर आधीच्या दुरुस्तीत काय केलं होतं हे दाखवायला ते फोटो लागतात: पाइपची छपाई, ढाळ, पाणी भरल्याची तारखेसह खूण, गेजचा काटा.

बऱ्याच करारांत एक कलम असतं ते लोक वाचत नाहीत. घरमालकानं बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय बाथरूम, स्वयंपाकघर यांतले पाइप किंवा जोड बदलले, तर दोषदुरुस्तीची जबाबदारी संपते. ताबा मिळाल्या मिळाल्या इंटिरिअरवाल्याकडून टाइल बदलून घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं. गळती सुरू झाली की बिल्डरचा पहिला प्रश्न हाच असतो: “तुम्ही टाइल बदलल्या होत्या ना?”

पाच वर्षं उलटली, की प्रश्न सोसायटीत येतो. आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या नळांची, गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चानं. घरातल्या संडास, सिंक यांची गळती संबंधित सभासदांच्या खर्चानं. रेषा कागदावर स्पष्ट आहे. प्रत्यक्षात नहाणी ट्रॅपपासून डक्टपर्यंतचा दीड हात पाइप कुणाचा, यावर वार्षिक सभेत तासभर जातो. हे टाळायचं, तर पाच वर्षं संपायच्या आधी, निदान चौथ्या वर्षी, प्रत्येक डक्टची एकदा पाहणी करून घ्यावी: रंगाचं पाणी सोडून, स्पाउट मोकळे करून, गच्चीवरची व्हेंटची तोंडं मोजून. नकाशावर डक्टला क्रमांक असतात, त्या क्रमांकानं दोषांची यादी करून एकाच पत्रात बिल्डरला द्यावी. एकेका घराची तक्रार आणि अख्ख्या इमारतीची यादी, यांना मिळणाऱ्या उत्तरांत फरक पडतो. उत्तर नाहीच आलं, तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. सोबत ताब्याचं पत्र, करार, आधीच्या दुरुस्तीचे कागद आणि ते फोटो.

रावेतच्या त्या काकूंनी बिल्डरच्या माणसाच्या कागदावर सही केली, पण मजकुराखाली स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहून: टाइप बी पाइप टाकला, 48 तास पाणी भरून तपासलं, टाइल नंतर बसवल्या, स्पाउट मोकळा ठेवला. बिल्डरचा माणूस जरा घुटमळला, “असं कुणी लिहीत नाही हो मॅडम.” मग त्यानं त्याखाली आपलीही सही केली.